रस्ता श्वास सोडतो तेव्हा

रस्त्याच्या कडेला पन्नासेक माणसं ओणवी झाली होती. डांबरातल्या मुठीएवढ्या भोकावर धरलेलं पीस भुरभुर वर उडत होतं.

"गेलेल्यांचा श्वास आहे हा," फुंकरबाबा म्हणाले. "सकाळी आत घेतात, दुपारी सोडतात." मेलेल्यांचं वेळापत्रक बाबांना असं तोंडपाठ होतं, जणू त्यांची हजेरी रोज तेच घेत होते.

लोक भुलायला कारणही होतं. माणसांसकट कोसळलेल्या एका इमारतीचं काँक्रीट फोडून त्याचीच खडी या रस्त्याखाली अंथरली होती. त्या इमारतीत रस्त्याच्या इंजिनिअरचा थोरला भाऊ गेला होता. आता वहिनी रोज दम्याच्या लेकीला घेऊन सर्वांत पुढे बसायची. बापाचा श्वास मिळतोय तोवर औषधाच्या पंपाला हात लावायचा नाही, अशी बाबांची आज्ञा होती.

इंजिनिअर मागे मान खाली घालून उभा असे. खडी नीट दाबली गेली का ते पाहायला हे भोक त्यानेच पाडलं होतं, आणि न बुजवताच 'बुजवलं' असं लिहून सही ठोकली होती. तोंड उघडावं तर आपलंच पितळ उघडं पडणार. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण नोकरीची भीती जास्त वाटत होती. पुतणीसाठी आणलेला पंप नऊ दिवस त्याच्या खिशातच राहिला.

दहाव्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले आणि वहिनी तिला आणखीच खाली वाकवू लागली. तेव्हा कुठे तो धावला. त्याने पोरीला उचलून पंप दिला आणि तिची धाप ओसरेपर्यंत हलला नाही. मग साइटवरच्या खोलीतून चुन्याच्या निवळीच्या दोन बाटल्या आणल्या. एकीत स्वतः नळीने फुंकलं. निवळी दुधाळ झाली. दुसरीत रबरी पंपाने भोकातली हवा सोडली. निवळी नितळच राहिली.

"हा कुणाचाच श्वास नाही," तो म्हणाला. "खडीच्या फटींत हवा असते. दुपारी बाहेरचा दाब उतरला की ती वर येते, सकाळी दाब चढला की आत जाते. माणसाचा श्वास असता तर ही निवळीही माझ्या फुंकरीसारखीच दुधाळ झाली असती."

मेलेल्यांचा श्वास निर्मळ असतो, असं बाबांनी पुटपुटून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही. भोक आलं कुठून, असं कुणीतरी विचारलं आणि इंजिनिअरने सगळं सांगून टाकलं.

"भाऊजी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" वहिनीने विचारलं.

"हो."

"आणि मी हिला इथे आणत होते, ते बघत होतात?"

त्याला मान वर करवेना. "माझी मला शरम वाटते, वहिनी," तो म्हणाला. मग गर्दीकडे वळला. "कुणी सांगतंय म्हणून मानू नका. विचारा, स्वतः करून बघा. कागदावर माझी सही असली तरी."

वहिनीने त्याच्या हातून नळी आणि रबरी पंप घेतला. नवी निवळी मागितली आणि सगळं पुन्हा स्वतःच्या हाताने केलं. भोकातली हवा सोडलेली बाटली उजेडात धरून ती बराच वेळ बघत राहिली. निवळी नितळच होती.

"म्हणजे हे गेलेच," ती म्हणाली, आणि लेकीला जवळ घेऊन रडू लागली.