घड्याळवाल्याच्या मुलीचा मागचा दात

मी दात बोलतोय. हौसेनं नाही. या दवाखान्यातली डॉक्टरीण लहान पेशंट आलं की माझी बाटली खुळखुळवते आणि म्हणते, "बघ, याचं काय झालं ते!" पोरं डोळे फाडून बघतात, आया नाकं मुरडतात. "गोड खाल्लं, घासलं नाही," एवढंच ती सांगते. अर्धं सांगते, तेही चुकीचं. म्हणून म्हटलं, एकदाचं मीच सांगून टाकतो. मध्ये कुणी बोलायचं नाही.

तुम्ही मला दाढ म्हणता. म्हणा. मी स्वतःला दातच समजतो आणि या वयात काही सवय बदलणार नाही. शिक्षणाचं विचाराल तर शाळेत जायचो, पण बंद तोंडातून. फळा कधी दिसला नाही. तेव्हा शास्त्रातली नावं माझ्याकडे मागू नका.

माझी मालकीण, त्या घड्याळवाल्याची मुलगी, जन्मली त्याच सुमाराला माझं काम सुरू झालं. जबड्याच्या आत, हिरडीखाली. डोळ्यांना न दिसणारे कारागीर रांगेनं उभे राहिले. एक थर घालायचा, जरा मागे सरायचं, पुन्हा थर. आधी तो थर मऊ असतो, सायीसारखा. मग त्यातलं पाणी शोषून घ्यायचं, मऊ माल काढायचा आणि जागोजाग चुन्याच्या जातीचे बारीक खडे ठासून भरायचे. भरत भरत जे कवच तयार होतं, त्याच्याइतकं कडक अंगात दुसरं काही नाही. हाडसुद्धा नाही. ही बढाई नव्हे.

पण गोम पुढे आहे. काम संपलं की ते कारागीर मरतात. दात हिरडी फोडून वर येतो तेव्हा त्यांचं उरलंसुरलंही पुसलं जातं. हाड मोडलं तर सांधतं, नख तुटलं तर वाढतं. माझं कवच गेलं की गेलं. लाळ वरवर थोडं लिंपून देते बिचारी, पण भोक पडलं की तीही हात टेकते.

मालकीण पाळण्यात होती तेव्हा तिला ताप आला. साधा नव्हे, अंगावर लाह्या फुटाव्यात असा. आई उशाशी बसून ओल्या फडक्यानं पुसत राहिली. पोर वाचली. पण तापात माझ्या कारागिरांचे हात गळाले होते. एका कोपऱ्यात त्यांनी खडे भरलेच नाहीत नीट. तिथं मी खडूसारखा राहिलो, पिवळट आणि ठिसूळ. यात कुणाचा दोष नव्हता. पुढचं मात्र तसं नाही.

मालकीण सहाची झाली आणि मी वर आलो. दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे, रिकाम्या जागेत. माझ्यासाठी कुणी पडलं नाही, कुणाला ढकललं नाही. गुपचूप आलो, हीच चूक झाली. वाजतगाजत यायला हवं होतं.

तो खडूचा कोपरा लवकरच पोखरला गेला. गार पाणी लागलं की मालकीण कळवळायची. आई म्हणाली, "अहो, हिला डॉक्टरकडे नेऊ या. मागची दाढ किडलीय."

बाप घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच टेबल, त्यावर चिमटे, केसाएवढ्या स्प्रिंगा. लोकांच्या घड्याळात कण अडकला तरी याला दिसायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पोरीला उजेडात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चला, जाणकार माणूस भेटला.

"दुधाची आहे," तो म्हणाला. "पडेल."

"दुधाची कशी असेल? मी उगवताना पाहिलीय तिला. आत्ता आत्ता आलीय."

"अगं, नवा दात यायला आधी जुना पडावा लागतो. इथला कुठला दात पडला, सांग बरं?"

"तिथं आधी नव्हताच दात."

"मग? पडलाच नाही तर बदली कशी येईल? साधा हिशेब आहे. भिंग माझ्या डोळ्याला आहे की तुझ्या?"

आई कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या द्यायला लागली. मालकीण रोज बोटानं मला हलवून बघायची, "बाबा, अजून हलत नाही." तो टेबलावरून मान वर न करता म्हणायचा, "हलेल, हलेल." मी कशाला हलतोय? मी जन्मभर टिकायला आलो होतो.

शेवटी गाल टम्म फुगला, तोंड उघडेना. तेव्हा या डॉक्टरणीचे वडील इथं बसायचे. त्यांनी पाहिलं आणि चष्मा काढला. "ही कायमची दाढ आहे हो. वर्षभर आधी आणली असती तर भरून दिली असती. आता काढावी लागेल."

मालकीण खुर्चीत रडत होती. आई भिंतीला टेकून उभी होती. बापानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डॉक्टरकडे. मग म्हणाला, "काय करणार डॉक्टर, हिच्या आईचं लक्ष नव्हतं."

आईनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. पदरानं पोरीची लाळ पुसली.

पक्कड लागली ते दुखलं. पण ते वाक्य जास्त लागलं.

तेव्हापासून मी बाटलीत आहे. मालकीण आयुष्यभर एका बाजूनं चावते. माझा शेजारी माझ्या जागेत कलंडलाय, वरचा खाली लोंबलाय. घराची एक वीट काढली तर असंच होतं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा मालकीण आली. केस पिकलेत. हाताला धरून बापाला आणलं होतं, कवळी करायला. तोंडाचं बोळकं झालंय त्याच्या. तिनं माझी बाटली उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, ओळखलीत?"

त्यानं बराच वेळ बाटली डोळ्यांजवळ धरली. उलटीसुलटी केली, त्यामुळे मीही आत खुळखुळलो. मला वाटलं, आता म्हणेल, चुकलं माझं. मला नाही म्हणाला तरी चालेल, तिच्या आईचं नाव काढून म्हणेल.

"आई बरोबर होती ना, बाबा?" मालकीण हळूच म्हणाली.

"दुधाचीच वाटायची," तो म्हणाला. मग डॉक्टरणीकडे वळला. "कवळी घट्ट बसेल ना? खाताना हलता कामा नये."

मालकिणीनं बाटली परत जागेवर ठेवली. आईसारखीच तोंड मिटून राहिली.

तेव्हा आयांनो, बापांनो, पोर सहा वर्षांचं झालं की त्याच्या तोंडात मागे डोकावा. तिथं कुणी न पडता जो आलाय, तो पाहुणा नाही, घरचाच आहे. त्याच्यासाठी दुसरा कुणी येणार नाही. आणि पोराचा दात दुखतोय असं घरातली बाई म्हणाली तर तिचं ऐका.

मला आता कीड लागत नाही. मी थांबू शकतो. माझी नको, पण मालकिणीच्या आईची माफी मागायची राहिलीय, आणि ती मागायचीय तिच्या नवऱ्यानं, माझ्या मालकिणीच्या बापानं, त्या भिंगवाल्या घड्याळवाल्यानं.