यंदा भोक पडलं नाही

थंडीची चाहूल लागली की त्या डोंगरगावात घरोघरी लाकडी चौकटीवर कागद ताणलेली दारं उतरवतात. जुना कागद भिजवून खरवडायचा, खळ लावून नवा ताणून बसवायचा आणि कडेला बोटभर पट्टी लोंबती सोडायची, म्हणजे फटीतून वारा शिरत नाही. यात जो अंगचोरपणा करील त्यानं पुढे दातावर दात आपटले तर कुरकुर करू नये.

दोक्सुनच्या दाराला मात्र नवा कागद लागला की दुसऱ्याच सकाळी भोक पडायचं. थुंकीनं बोट ओलं करून पोरं पाडतात तसलं. कागदाचे तंतू आत वळलेले, म्हणजे बाहेरून पाडलेलं. तिची लेक पुन्नी सहा वर्षांची होऊन गोवरानं गेली, त्या वर्षी ते भोक दोक्सुनच्या कमरेशी होतं. पुन्नीचे डोळे तिथवरच यायचे. मग दर वर्षी दोन बोटं वर. पाच वर्षं झाली. पोर वाढत होती. दोक्सुननं हे कुणाला सांगितलं नाही, लोकांनी वेड्यात काढलं असतं. ती भोक बुजवायची नाही. हिवाळाभर त्या गार झोतापाशीच शिवण घेऊन बसायची.

यंदा तिला मुलगा झाला, नाव ठेवलं तोल. सासूनं फाटकावर गवताची दोरी बांधली, तिच्यात लाल मिरच्या खोवल्या. एकवीस दिवस ना परकं माणूस आत येणार, ना बाहेरचं काही. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दाराला कागद लावला.

सकाळी भोक नव्हतं.

"बघ, कसा ढोलासारखा वाजतोय," सासू कागदावर टिचकी मारून म्हणाली. "माझ्या तोलला झुळूकसुद्धा लागायची नाही. पुरे झाली तुझी ती भोकाची थेरं, तोलची आई."

काल-परवापर्यंत सासू दोक्सुनला 'पुन्नीची आई' म्हणायची.

आठ दिवस गेले. कागद तसाच, कोरा. नवव्या सकाळी ती अंगणात आली, तर फाटकाबाहेरच्या दहिवरात अनवाणी पावलं उमटलेली. लहान. दोरीपर्यंत यायची, वळायची, पुन्हा यायची. आत एकही नव्हतं.

दिवसभर तिला घास गेला नाही. एक पोर आत दुलईत, एक बाहेर गारठ्यात, आणि आई म्हणवणारी ही बया दोघांच्या मध्ये दोरी बांधून बसलेली. संध्याकाळी सासू झऱ्यावर गेल्याचं पाहून तिनं दोरीचं एक टोक सोडलं.

"एकदाच हं, बाळा," ती पुटपुटली.

सकाळी जाग आली ती गार झोतानं. दाराला भोक होतं, गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटं वर. दोक्सुनला हसू फुटलं, डोळे भरले. मग तिला शेजारचं दुसरं भोक दिसलं. त्याच उंचीवर, पण करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं. त्याचेही तंतू आत वळलेले.

तिनं बाळाची दुलई बाजूला ओढली. तोल होता तिथंच होता. त्याचे पाय बर्फासारखे गार, तळव्यांना दहिवर, आणि इवल्याशा बोटाला कागदाचा ओला कण चिकटलेला. थोरल्या बहिणीनं धाकट्याला पाठुंगळी घ्यावं, गाव दाखवावं, ही तर रीतच. पुन्नीनं तेवढंच केलं होतं.

दोक्सुननं त्याला उघड्या छातीशी धरलं. बराच वेळ तो हलला नाही. मग एकदाचा रडला.

"दोरी कुणी सोडली?" बाहेरून सासू कडाडली.

"मी. मीच बांधते."

तिनं तीन गाठी मारल्या. पलीकडे कुणी दिसत नव्हतं.

"तू मोठी झालीस गं," ती म्हणाली. "त्याला नको नेऊस. आता येऊ नकोस."

घरात येऊन तिनं दोन्ही भोकांवर कागद डकवला, पट्ट्यांवर पुन्हा खळ फिरवली. त्या हिवाळ्यात एवढं उबदार घर गावात दुसरं नव्हतं. दोक्सुनला ती ऊब सोसत नव्हती.