रेषेवरचा पाय

वंदना संपली, खिरीच्या वाट्या फिरल्या, आणि अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या प्रल्हादकाकांच्या बेसमेंटमध्ये पांढऱ्या कपड्यांतली वीसेक माणसं टीव्हीसमोर अशी सरसावून बसली, की नवख्याला वाटावं, धम्मचक्र दिनाचं एखादं भाषण लावणार आहेत. लावणार होते एक पाय. प्रल्हादकाकांच्या मुलाचा, निमिषचा, डावा.

त्या पायाला आऊट देणारी पंच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. जागृती नाव तिचं. एकनाथ आणि संध्या यांची थोरली, हायस्कूलात अकरावीला. हातातली खीर गार होऊन तिच्यावर साय धरायला लागली होती, तरी चमचा काही हलत नव्हता.

मागच्या वर्षापर्यंत या मुलीचा वर्गात हात वर जायचा तो कानापर्यंतच. मग खेळाच्या बाईंनी सांगितलं, की गावातल्या लहान मुलांच्या फुटबॉल लीगला पंच हवेत. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा, हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळायचा. जागृतीनं कोर्सला नाव घातलं. वर्गात सगळे मुलगे आणि ही एकटी. परीक्षा पास झाली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट मिळाला. पहिल्यांदा शिट्टी फुंकली तेव्हा बावीस पोरं जागच्या जागी थिजली. आपल्या एका फुंकरीत एवढं बळ आहे हे तिला त्या दिवशी कळलं, आणि मग वर्गातला हातही सरळ छताकडे जायला लागला.

तर काल शनिवारी निमिषच्या टीमची सेमीफायनल होती, आणि नेमकी तो खेळत होता त्याच बाजूच्या रेषेवर तिची नेमणूक. अगदी शेवटचा डाव. लांबून आलेला चेंडू निमिषनं मैदानाच्या कोपऱ्यात उंच उडी मारून झेलला. पाय आत टेकला तर टचडाऊन, म्हणजे सहा गुण, मॅच खिशात, फायनल पक्की. पाय खाली आला. जागृती तीन हातांवर उभी होती. तिनं दोन्ही हात आडवे फिरवले. नाही. धरत नाही. बाहेर.

प्रल्हादकाका तेव्हापासून धुमसत होते. सोमवारी सकाळी लीगच्या मिस्टर कोवाल्स्कींना फोन करणार, असं त्यांनी चार घरी सांगून टाकलं होतं. "लहान मुलांच्या खेळाला अशी कच्ची पंच नको, म्हणून सांगतो." आणि याच कोवाल्स्कींनी काल मॅच संपल्यावर जागृतीला पुढच्या शनिवारच्या फायनलसाठी निवडलं होतं. फायनलला मुलगी पंच, लीगमध्ये पहिल्यांदाच! घरी जाऊन तिनं आईला उचलून गरगर फिरवलं होतं.

येताना गाडीत बाबा म्हणाले होते, "जागू, 'चुकलं असेल काका', एवढं म्हणून टाक. विषय मिटेल."

"पण नाही चुकलं, बाबा!"

"मला कळतंय गं. पण प्रल्हाददादांचं आपल्यावर किती ऋण आहे, माहितीये ना तुला? अमेरिकेत आलो तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्याच बेसमेंटमध्ये काढलेत आपण. काकूंनी तुला चमच्यानं वरणभात भरवलाय."

वरणभात खरा होता. पायही खरा होता.

"हां, सगळे बघा," काकांनी रिमोट उगारला. कॅमकॉर्डरची वायर टीव्हीत खुपसलेली. पडद्यावर निमिष हवेत उडाला, खाली आला, आणि काकांनी चित्र थांबवलं. "आता सांगा!"

"प्रल्हाद, संशयाचा फायदा बॅट्समनला," चंद्रशेखरकाका म्हणाले. ते नागपुरात क्लबाकडून क्रिकेट खेळलेले, त्यामुळे जगातला कुठलाही खेळ ते बॅट आणि बॉलवर आणून सोडायचे.

"संशय कशाला? संशय नाहीच!" काका टीव्हीपाशी जाऊन काचेवर बोट ठेवून उभे राहिले. "हा बूट. ही चुन्याची पांढरी रेष. बूट कुठाय? रेषेवर! पलीकडे गेलाय का? नाही. अरे, मी बॅडमिंटन खेळलोय युनिव्हर्सिटीकडून. शटल रेषेवर पडलं तर काय देतात?"

"इन!" दोघंतिघं एका सुरात म्हणाले.

"मग! समोरच्या टीमच्या कोचनंसुद्धा काल मला तोंडावर सांगितलं, 'ही वॉज ऑन द लाइन.' म्हणजे त्यालाही पटलंय!"

"डॅड, प्लीज," निमिषनं सोफ्यावरची उशी तोंडावर ओढली. "कोच वॉज अग्रीइंग विथ हर."

"तू गप. तुला तुझा हक्क कळत नाही."

अहिल्याकाकू पुऱ्यांचा डबा घेऊन जिना उतरत होत्या. "काल रात्रीपासून दहा वेळा बघितलाय तो पाय. लग्नात माझ्याकडे तरी इतकं निरखून बघितलं होतंत का?"

खोलीत हशा पिकला. काका मात्र वळले ते थेट जिन्याकडे. "हसू नका. पोरीलाच विचारू. जागृती, बेटा, तू आपलीच आहेस. चूक सगळ्यांची होते. तू फक्त म्हण, की चुकलं असेल, आणि मी फोन करत नाही. जा, खेळव तुझी फायनल."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बाबांनी तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावली. म्हण ना. एक वाक्य तर आहे.

जागृतीनं वाटी पायरीवर ठेवली. एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती आल्याबरोबर तिला हसूच फुटायला लागलं. एका वाक्यात फायनल मिळत होती खरी. पण मग त्या फायनलमध्ये ती जो निर्णय देईल, तो कुणी कशाला मानायचा? कुठल्याही काकांनी डोळे वटारले की बदलणारा निर्णय!

"काका," ती उठली, "पाय रेषेवर होता, हे मला शंभर टक्के मान्य आहे."

"बघा! बघा!"

"म्हणूनच आऊट दिला. या खेळात रेष बाहेरच्या बाजूची. रेषेला बूट लागला की बाहेर."

"हे कुणी ठरवलं? उगाच काहीतरी सांगू नकोस!"

"टेप जरा मागे घ्याल? अगदी पहिल्या भागात. समोरच्या निळ्या टीमचा तो उंच मुलगा पळत येतो, तिथपर्यंत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"घ्या ना, दादा," बाबा मागून म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण आता ते तिच्याकडे बघून मान डोलावत नव्हते. भिंतीचा टेका सोडून सरळ उभे राहिले होते. "पोर मागतेय तर बघू तरी."

टेप सर्रकन मागे पळाली. पडद्यावर निळ्या शर्टातला उंच मुलगा चेंडू काखेत मारून कडेकडेनं सुसाट सुटला. समोर कुणी नाही. टचडाऊन झाल्यातच जमा. आणि एकदम शिट्टी! पट्ट्यांच्या शर्टातली जागृती धावत आली आणि त्याच्या बुटाच्या ठशाजवळ उभी राहिली. पण तिच्या शिट्टीच्याही वर एक आवाज टीव्हीतून दणाणला. कॅमेऱ्यात सगळ्यात मोठा आवाज कॅमेरा धरणाऱ्याचाच येतो.

"आऊट! आऊट! रेषेला पाय लागला रे लेका! रेषेला लागला की आऊट! शाब्बास जागृती! वाघीण आहे आपली पोरगी, वाघीण! एकनाथची आहे ती, एकनाथची!"

चंद्रशेखरकाका हसता हसता सोफ्यावर आडवे झाले. कुणाला तरी खिरीचा ठसका लागला. अहिल्याकाकूंनी डबा टेबलावर ठेवून पदर तोंडाला लावला, आणि उशीखालून निमिष किंचाळला, "रिवाइंड! वन मोअर टाइम!"

काकांच्या हातात रिमोट तसाच. ते आधी टीव्हीकडे बघत राहिले, मग रिमोटकडे, जणू त्यानंच दगा दिला. कान लालभडक.

"मीच बोललो का हे?"

"तुम्हीच, काका," जागृती म्हणाली. तिला वाटलं होतं, जिंकल्यावर नाचावंसं वाटेल. पण काकांचं तोंड बघून तिला तसं काही करवेना. "आणि बरोबर बोललात. निमिषची उडी मात्र अख्ख्या सीझनमधली एक नंबर होती. मी शिट्टी तोंडात धरून मनात टाळ्या वाजवत होते."

उशी जरा खाली आली. "रिअली?"

"रिअली."

काकांनी खाकरून घसा साफ केला. "हे बघ," ते म्हणाले, "फोन मी करणार म्हणजे करणारच."

हसणं थांबलं. बाबा पुढे सरकले. "दादा..."

"अरे, ऐकून तर घे! कोवाल्स्कीला सांगतो, आमच्या घरचे वीस लोक फायनलला येताहेत, पुढच्या जागा राखून ठेव. आणि कुणी आपल्या पोरीच्या निर्णयावर चकार शब्द काढू दे, मी त्याच्या दुप्पट ओरडतो की नाही बघ!"

"काका, नको," जागृती म्हणाली. "ओरडून ओरडून खेळ अडवणाऱ्याला मैदानाबाहेर पाठवायचा अधिकार असतो पंचांना."

"म्हणजे, मला पाठवशील?"

"तुम्हाला सगळ्यात आधी. तुमचा आवाज सगळ्यात मोठा आहे."

आता मात्र काकासुद्धा हसले, पोट धरून. आणि त्या गलक्यात जागृतीला बाबांचा आवाज ऐकू आला. आयुष्यभर खालच्या पट्टीत बोललेला हा माणूस चक्क मोठ्यानं, सगळ्या बेसमेंटला ऐकू जाईल असा म्हणत होता, "पाठवेल हं दादा! खरंच पाठवेल. माझी मुलगी आहे, मला माहितीये."

तिनं वाटी उचलली. खीर पार गार झाली होती. तिनं ती उभ्यानंच, चाटूनपुसून संपवली आणि आणखी मागितली.