पाहुण्यांसाठी नेलेला बर्फ

मी एक जुनी अँटीबॉडी आहे. परभणीच्या एका प्रयोगशाळेत, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, बोटाच्या पेराएवढ्या नळीत राहते. नळीवर 'बाद' असे लिहिले आहे. मित्रांनो, मी बाद नाही. मी संतापलेली आहे.

एका सशाच्या रक्तात माझा जन्म झाला. त्या सशाला कुणी नावही दिले नव्हते. माझे काम एकच. तुमच्या पेशींत पार्किन नावाचे प्रथिन असते. पेशीतला मोडका भाग दिसला की ते त्यावर युबिक्विटिनची खूण चिकटवते. मग तो भाग काढून टाकला जातो. एरवी पार्किन झोपलेले असते. अंगावर फॉस्फेट बसले की जागे होते. मी फक्त जाग्या पार्किनला धरते. झोपलेल्याला हातही लावत नाही.

इथे संशोधन करणाऱ्या निकिताने मला मागवले ते वडिलांसाठी. तिचे वडील मुंजाजी गुरुजी पोखर्णीच्या शाळेतून निवृत्त झालेले. कंपवाताने हात थरथरायचा. पार्किन जागे होत नसेल तर हा आजार जडू शकतो. त्यांचे पार्किन जागे होते का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. ते रक्त द्यायला आले तेव्हा मी टेबलावर बर्फात होते.

"काय शोधायलीस गं माझ्या रक्तात?"

"पार्किन जागं होतंय का बघायलेय, अण्णा."

"झोपलं आसंल तर छडी दे इकडं. लय पोरं उठवलीत. आता तर हात आपोआप हलतोय."

निकिता हसली. तिने पेशी गोठवून ठेवल्या. दिवाळीनंतर गुरुजी वारले. मागे पेशींची ती एकच नळी उरली.

मे महिन्यात तिने ती बाहेर काढली, पेशी फोडल्या आणि अर्क बर्फात ठेवला. अर्क तापला की फॉस्फेट गळून जाते. त्याच दिवशी नव्या यंत्राचे उद्घाटन होते. विभागप्रमुख भागवत सर दारात आले.

"निकिता, औक्षणाला बाईमाणूस कुणीच नाही. ताट धरा चटकन."

"सर, प्रयोग चालू आहे."

"प्रयोग कुठं पळून जायलाय?"

ती पाहुण्यांना ओवाळत होती, तेव्हा सरांनी तिचा बर्फ पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी नेला. अर्क तसाच टेबलावर, परभणीच्या उन्हाळ्यात. परत आल्यावर तिने नळीला हात लावला. नळी गरम लागली. दुसरा अर्क कुठून आणणार? तिने त्यावरच मला सोडले. धरण्यासारखे काही उरले नव्हते. मी धरले की फोटोच्या फिल्मवर काळी रेघ उमटते. मी धरले नाही. फिल्म कोरी आली.

"अँटीबॉडीच बाद आहे," सर म्हणाले आणि पेन काढून माझ्या नळीवर तसे लिहूनही मोकळे झाले.

निकिताने पडताळणीसाठी ठेवलेल्या, पार्किन नक्की जागे असलेल्या दुसऱ्या पेशींवर मला वापरले. मी ठळक काळी रेघ उमटवली. ती फिल्म तिने सरांपुढे ठेवली.

"असं होय? मग वडिलांचं रक्त परत घ्या की. त्यात काय एवढं?"

"सर," ती म्हणाली, "अण्णांच्या मातीला आला होतात तुम्ही."

सर चष्मा पुसत बसले.

मित्रांनो, फिल्म कोरी आली की माझ्यावर खापर फोडू नका. जे आहे तेच मी सांगते. कुणाचे काम बर्फावर ठेवलेले असेल तर त्याला हात लावू नका, आणि काम करणाऱ्या मुलीला ओवाळायला उठवू नका. पाहुण्यांना एक दिवस कोमट पाणी चालले असते.