तिसऱ्या रविवारची हरकत

त्या शनिवारी शालूबाई ओसरीत पावटा सोलत बसल्या होत्या. दाणे पातेल्यात, किडके बाजूला, आणि टरफलं शेजारच्या म्हशीसाठी घमेल्यात. वय चौऱ्याहत्तर, पण बोटं अजून सवयीनं चालत होती. त्यांची मुलगी सुवार्ता समोर भिंतीला टेकून वाचत होती. ती सांगलीला एका कॉलेजात ग्रंथपाल. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी कराडला आईकडे यायची आणि शनिवारी चारच्या एसटीनं परतायची. रविवारी ती कधी थांबायची नाही, आणि का थांबत नाहीस असं आईनं कधी विचारलंही नव्हतं.

"तुझ्या पुस्तकात पावट्याचं काही लिहिलंय का गं?" आईनं विचारलं.

"लिहिलंय. जो सोलेल त्यानंच खावा."

"मग तुला आज कोरडी भाकरी."

सुवार्तानं पुस्तक मिटलं आणि शेंगा पुढ्यात ओढल्या.

इतक्यात मागच्या दारानं क्रांती आली. चर्चच्या मागच्या गल्लीतली ही मुलगी, नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागलेली. पुढच्या रविवारपासून, रीतीप्रमाणे ओळीनं तीन रविवार, तिचं लग्न चर्चमध्ये जाहीर होणार होतं. लग्नाच्या पांढऱ्या साडीला फॉल लावून हवा, असं निमित्त तिनं आणलं होतं. निमित्तच ते. कराडात फॉल लावणाऱ्या काय कमी होत्या? लग्न ठरलेल्या मुली शालूबाईंकडे यायच्या त्या एका प्रश्नासाठी, आणि मागच्या दारानंच यायच्या.

आईनं सुवार्ताला चहा टाकायला आत पाठवलं. ओट्याशी उभ्या असलेल्या सुवार्ताला तो प्रश्न ऐकू आला. गेली कित्येक वर्षं तो याच शब्दांत विचारला जात होता.

"तुला कुणी विचारलंय का, पोरी? तुझ्या मनाला?"

क्रांती हसली. "आवं मावशी, मीच त्याला विचारलं. त्योच चार दिवस बोलंना."

आई खूप वेळ हसत राहिली. मग तिनं क्रांतीला सांगितलं, की हो म्हणशील ते देवासमोर म्हणशील, आणि तिथं नवऱ्याच्या, सासूच्या किंवा आईच्या भीतीनं म्हटलेलं हो चालत नाही. पुढं भांडणं होतील, तेव्हा एकमेकांशी भांडा, पण एकमेकांपासून लपवू नका. एवढाच तिचा धडा. एकेकाळी हाच धडा ती चर्चच्या खोलीत फळ्यापुढं उभी राहून द्यायची.

दुपारी जेवताना सुवार्ताच्या मनात आलं, आज बोलावं. "आई," ती म्हणाली, "त्या रविवारचं..."

आईनं तिच्याकडे पाहिलं. घाई नव्हती, रागही नव्हता. जणू ती वाट बघत होती. पण सुवार्तानं खाली ताटात पाहिलं, आणि म्हणाली, त्या मागच्या रविवारी चर्चच्या उपासनेला पाळकसाहेब काय बोलले? आईनं तेही नीट सांगितलं.

चारच्या गाडीला निघताना आईनं उसळीचा डबा पिशवीत घातला. "डबा परत आण. मागचे दोन तिकडंच आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेजारणीचा फोन आला. आई चर्चला निघायच्या तयारीत खुर्चीत बसली होती. पांढरी साडी नेसलेली, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर पिशवी. शेजारणीनं दोनदा हाक मारली तेव्हा लक्षात आलं.

सोमवारी माती झाली. सुवार्ता रडली नाही. तिच्या तिकडच्या फ्रिजमध्ये अर्धा राहिलेला उसळीचा डबा होता, तो तिनं सांगलीहून निघताना बरोबर आणला होता. का आणला, ते तिलाही सांगता आलं नसतं. आईनं परत आण म्हटलं होतं, म्हणून आणला.

*

त्या रविवारला चोवीस वर्षं झाली होती.

तेव्हा शालूबाई चर्चच्या मंडळीतल्या आयांचा वर्ग घ्यायच्या. दर गुरुवारी वीस-पंचवीस बायका यायच्या, कडेवर पोरं घेऊन. सुवार्ता कोपऱ्यात बसून ऐकायची. लेकराकडून वचनं पाठ करून घेणं सोपं आहे, आई म्हणायची. खरं बोलून घेणं अवघड. खरं ऐकायची ताकद आईत असेल, तेवढंच लेकरू खरं बोलतं. देवाला भिणारं लेकरू म्हणजे आईला भिणारं लेकरू नव्हे. लेकरू आपल्याला दिलेलं नसतं, सांभाळायला दिलेलं असतं. लग्न ठरलेल्या मुलीला ती वर्गानंतर बाजूला घ्यायची आणि तो प्रश्न विचारायची. पवित्र शास्त्रातसुद्धा लग्नाचा निरोप घेऊन आलेल्या पाहुण्याबरोबर पाठवण्याआधी मुलीला बोलावून विचारलं होतं, तू जाशील का. मग आपण कोण न विचारणारे?

फलटणच्या जयराजचं स्थळ आलं, तेव्हा मात्र सुवार्ताला कुणी विचारलं नाही. मुलगा शिक्षक, घर देवभीरू, सासू प्रेमळ. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि विचारायचं ते बाहेरच्यांच्या लेकींना; आपली लेक तर आपल्या पोटातली, तिचं मन आपल्याला ठाऊकच, असं आईला वाटलं असावं. सगळ्या गल्लीला औषध देणाऱ्याच्या घरात एखादं दुखणं तसंच राहून जातं, तसं झालं. सुवार्ताही गप्प राहिली. आयांचा वर्ग घेणाऱ्या बाईच्या मुलीनं इतक्या चांगल्या स्थळाला नाही म्हणायचं कसं?

एक रविवार लग्न जाहीर झालं. दुसरा झाला. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, आई तिच्या डोक्यावरच्या जाळीच्या ओढणीचं माप घेत होती. तोंडात टाचण्या होत्या. ओढणी कपाळावर आली, आणि सुवार्ताला त्या जाळीतून समोरची भिंत दिसली, आणि वेदीपुढं आपण हो म्हणतोय ते ऐकू आलं. ते हो खोटं होतं.

"मला नाही करायचं," ती म्हणाली.

आईनं एकेक टाचणी तोंडातून काढली आणि डबीत ठेवली. दुसरा कुणी आहे का? नाही. जयराजचं काही कानावर आलंय? नाही, तो चांगला आहे. मग?

"देवासमोर खोटं बोलावं लागेल."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलं नाहीस."

आई बराच वेळ ओढणीची घडी करत राहिली. घडी बसेना. मग म्हणाली, "उद्या पाळक विचारतील, कुणाची हरकत आहे का. तू उठशील?"

सुवार्तानं मान हलवली. तिच्यानं होणार नव्हतं.

"बरं. मग मी उठते. आणि तू बोलायचं नाहीस. मुलीनं मोडलं म्हणाले तर पुढचं स्थळ यायचं नाही. आईनं मोडलं म्हणतील, तर म्हणू देत. माझं लग्न झालंय."

संध्याकाळी आईनं वडिलांना सगळं सांगितलं. लालासाहेब दवाखान्यात कंपाउंडर होते, अबोल माणूस. शेवटी एवढंच म्हणाले, की जयराजच्या घरी आपण स्वतः जाऊन पाया पडून येऊ. पडूनही आले, पण ते नंतर. रविवारी पाळकांनी तिसऱ्यांदा नावं वाचून विचारलं, आणि बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावरून आई उठली. "माझी हरकत आहे. मी मुलीची आई आहे." कारण विचारलं, तर म्हणाली, माझ्या मनाला पटत नाही. अख्खं चर्च वळून बघत होतं. तेव्हा पुरुषांच्या बाजूला वडील उठले. आई बसेपर्यंत नुसते उभे राहिले.

पुढं व्हायचं ते झालं. दुसऱ्यांना घर जोडायला शिकवते आणि पोटच्या पोरीचं मोडते, असं बायका म्हणाल्या. वर्ग दुसऱ्या बाईकडे गेला. वडिलांना लोक बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणू लागले. ते हसून म्हणायचे, "ताट मोठं हाय. सावली पडती." ते गेले तोवर खऱ्या गोष्टीचं त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसरी स्थळं आली, पण सुवार्तानं लग्न केलं नाही. तिला पुस्तकांत, कॉलेजात, तिच्या दोन खोल्यांत चांगलं वाटत होतं. पण मंडळीला ते तसं दिसेना. आईनं पोरीचा जन्म वाया घालवला, हे मग कायमचं ठरून गेलं. पहिली एकदोन वर्षं सुवार्ता आईच्या शब्दाखातर गप्प राहिली. नंतरची सगळी वर्षं तिनं आपल्या सोयीखातर काढली. हे तिला आता, रिकाम्या घरात, स्वच्छ दिसत होतं.

*

शनिवारी आक्काताई घरी आल्या. महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या होत्या. स्वतः ताट वाढलं, सुवार्ता जेवेपर्यंत समोर बसल्या, आणि मग उद्याच्या स्मरणसभेचं सांगितलं. उपासना झाली की सभा. पाळकसाहेब नवे, दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यांना आईविषयी फारसं ठाऊक नाही. म्हणून चार ओळी त्याच सांगणार होत्या.

"चांगलंच सांगनार हाय मी," त्या म्हणाल्या. "शालूबाईची प्रार्थना, शालूबाईचा हात. कुनाचं बाळंतपन असू दे, पयली हजर. त्या एका गोष्टीचं नाव काडनार न्हाई." मग त्यांनी सुवार्ताच्या पाठीवर हात ठेवला. "पर तू मनातनं क्षमा कर तिला, बाळ. तुझं घर हुऊ दिलं न्हाई तिनं, खरं हाय. मानूस चुकतंय. आई झाली म्हनून काय झालं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मनापासून बोलत होत्या. भांडायला आलेल्या माणसाला उत्तर देता येतं. पिठलं घेऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं?

आक्काताई गेल्यावर तिनं ताट घासलं. उद्या कुणी वाईट बोलणार नव्हतं, हे तिला कळत होतं. सगळे मिळून आईला क्षमा करणार होते. आणि एकदा क्षमा केली, की आईची चूक होती हे कबरीवरच्या मातीसारखं पडून राहणार होतं. पुन्हा ते कुणी उकरायला येणार नव्हतं.

*

रविवारी ती चौथ्या बाकावर बसली. शेजारची जागा बायकांनी आपण होऊन मोकळी ठेवली होती. उपासनेत सूचनांच्या वेळी पाळकांनी क्रांतीचं आणि त्या चार दिवस न बोललेल्या मुलाचं नाव वाचलं. विवाह योजला आहे, पहिल्यांदा जाहीर करतो, कुणाची हरकत असल्यास सांगावं. ते नेहमीसारखं वाचून थांबले. त्या थांबण्यात जुन्या लोकांच्या माना नकळत वळल्या. चौथ्या बाकाकडे, त्या मोकळ्या जागेकडे. मग लगेच पुढं झाल्या. क्रांतीनं मात्र मान वळवली ती वळवलीच, आणि सुवार्ताकडे बघून रडू लागली.

सभेत आक्काताई बोलल्या. शब्द दिला होता तसं चांगलंच बोलल्या. शेवटी म्हणाल्या, आपण सारी चुकणारी माणसं, शालूबाईही त्यातल्याच, पण देवाची दया मोठी. लोकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का.

सुवार्ता चोवीस वर्षांपूर्वी उठली नव्हती. पुरुषांच्या बाजूला तिनं एकदा पाहिलं. वडील जिथं उभे राहिले होते तिथं आता कुणी अनोळखी तरुण बाळाला मांडीवर थोपटत बसला होता.

ती उठली. पुढं माईकपाशी गेली नाही. बाकाला धरून, होती तिथंच उभी राहिली.

"मी शालूबाईंची मुलगी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, म्हणून मागचे लोक पुढं वाकले. "माझं लग्न इथं जाहीर झालं होतं. तिसऱ्या रविवारी आई या बाकावरून उठली. जुन्या लोकांना आठवत असेल."

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला.

"ती हरकत आईची नव्हती. माझी होती. मला वेदीपुढं खोटं बोलायचं नव्हतं, आणि तुमच्यापुढं खरं बोलायची हिंमत नव्हती. आईनं मला विचारलं, तू उठशील का. मी नाही म्हणाले. म्हणून ती उठली. बाबांना माहीत होतं, म्हणून ते उठले. तिनं माझं घर मोडलं नाही. मला जे हवं होतं तेच तिनं मला मिळवून दिलं, आणि त्याची बोलणी मरेपर्यंत स्वतः खाल्ली. मी ती खाऊ दिली."

तिनं शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. आता ती मंडळीशी बोलत नव्हती, पण आवाज तिनं खाली आणला नाही.

"आई, हरकत माझी होती. उशिरा का होईना, तू विचारलंस ते बरं केलंस. मीच तुला कधी विचारलं नाही, तुला किती जड गेलं ते."