भाग दोनमधली घासलेली जागा

कॅसेट परत करायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे मी आधी बघतो, कॅसेटकडे नंतर. खाली मान घालून आला तर टेप मशीनमध्ये अडकून चुरगळलेली असते. फार गोड बोलायला लागला तर आतली चांगली टेप काढून त्याने भलतीच भरलेली असते. वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेल्या पैशांत मी ठाण्याला कोळीवाड्याच्या तोंडाशी ‘उत्तम व्हिडिओ’ ही कॅसेटची लायब्ररी टाकली, आणि तीन वर्षांत त्या दुकानाने मला एवढीच विद्या दिली. बायको म्हणायची, तुम्ही आरशात बघतानासुद्धा समोरच्यावर संशय घ्याल. घ्यावाच लागतो.

त्यात एक्क्याण्णव साल धाडींचं होतं. नकली कॅसेटी धरायला व्हिडिओ कंपन्यांची माणसं पोलीस घेऊन फिरत होती, आणि आधी साध्या वेशात कोणीतरी गिऱ्हाईक बनून येतं, असं सगळे लायब्ररीवाले एकमेकांना सांगत होते. वरच्या फळीवर माझ्याही चार-दोन तसल्या होत्या. कोणाच्या नव्हत्या? त्यामुळे मंजुळाबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हाच माझे कान उभे राहिले.

मंजुळाबाई कोळीवाड्यातल्या, मासळी बाजारात बसणाऱ्या. त्यांच्या तोंडापुढे भावाची घासाघीस करायला मोठमोठी माणसं कचरायची. अशी बाई दुकानात येते आणि विचारते काय, तर ‘महाग्रह भाग दोन’ आहे का!

हा ‘महाग्रह’ म्हणजे आमच्याकडचाच पराक्रम. त्याचं रॉकेट वागळे इस्टेटमधल्या एका बंद शेडमध्ये पत्र्याची पिंपं जोडून केलेलं आणि ते उतरलं आमच्या खाडीत. परग्रहावरच्या माणसाला चंदेरी पोशाख आणि लोखंडी तळाचे बूट. तो चालायला लागला की खणखण आवाज यायचा आणि थेटरात लोक हसून लोळायचे. पिक्चर आपटला. तरी त्या निर्मात्याला काय सुचलं कोण जाणे, पाच वर्षांनी त्याने दुसरा भाग काढला. थेटर कोणी दिलं नाही, म्हणून तो थेट कॅसेटवरच आला. या भागात परग्रहवाले माणसांची तोंडं घेऊन फिरतात, एवढीच नवी अक्कल. मी पंधरा मिनिटं पाहून बंद केला. माझ्याकडून ती कॅसेट कोणी नेत नव्हतं. एक मंजुळाबाई सोडून.

त्यांनी नेली, परत आणली आणि पुन्हा नेली. परत आणायला आल्या की विचारायच्या, “उत्तमभाऊ, ही काढणाऱ्या कंपनीचा पत्ता काय हो?”

“पत्ता कशाला तुम्हाला?”

“असाच.”

असाच! मासळी विकणारी बाई व्हिडिओ कंपनीचा पत्ता असाच विचारते? खबरी असणार, मी मनाशी पक्कं केलं. वरच्या फळीवरच्या कॅसेटी घरी नेऊन पलंगाखाली टाकल्या आणि ‘महाग्रह’च्या कव्हरवर बारीक इंग्रजीत छापलेला पत्ता काळ्या पेनाने खोडून टाकला. त्यांनी कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. मला बरं वाटलं.

मग एका दुपारी मी ती कॅसेट तपासायला लावली. दुकानात माझा रंगीत टीव्ही होता, परत आलेली प्रत्येक कॅसेट मी त्यावर पुढे पळवून बघायचो. एका जागी पडद्यावर पांढऱ्या रेघांचा नुसता चिखल झाला होता. आधीचं चित्र ठीक, नंतरचं ठीक, तेवढीच एक जागा मेलेली. एकाच जागी चित्र थांबवून ठेवलं, की मशीनचं हेड तिथेच फिरत राहतं आणि टेप घासली जाते. एकदा-दोनदा थांबवून असं होत नाही. हे रोजचं काम होतं. चांगली, असली कॅसेट माझी! माझं डोकं भडकलं.

त्या आल्या तसा मी सुरूच झालो. “मंजुळाबाई, मशीन तुमचं, टीव्ही तुमचा, त्याचं काय वाटेल ते करा. पण कॅसेट माझी आहे. एकाच जागी थांबवून बसता काय रोज? काय उतरवून घेता? कोणी पाठवलंय तुम्हाला?”

“कोण पाठवणार मना?” त्यांचाही आवाज चढला. “काय नाय झालंय तुझे कॅसेटला. आमचे टीव्हीत सगळंच पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं.”

“तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. इथे बघा, रंगीत. बघाच आता काय करून ठेवलंय ते!” मी कॅसेट थोडी मागे घेऊन लावली.

पडद्यावर आमचीच खाडी. डावीकडून एक होडी आत आली, काठाला भडक नारिंगी रंगाचा जाड पट्टा. होडीत चंदेरी पोशाख घातलेला एक माणूस पाठमोरा उभा, काचेचं शिरस्त्राण काखेत धरलेलं. तो वळला आणि रेघांचा चिखल सुरू झाला.

“दिसलं?” मी म्हणालो. “ही जागा. आता...”

मंजुळाबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी टीव्हीवर हात टेकला होता. “मागं घे,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. मी मागे घेतलं. होडी पुन्हा आत आली. “तो रंग... टीव्हीचा हाय का होडीचा?”

“टीव्ही कशाला रंग बदलेल? नारिंगी आहे तो नारिंगीच दिसणार.”

त्या वळल्या आणि चपला दुकानातच टाकून निघून गेल्या. आता ही नवी काय भानगड, असं मला वाटलं. दार लावून घ्यावं, असंही मनात आलं. पण त्या परतल्या, त्या सासूला हाताला धरून.

जनाबाईंना मी ओळखत होतो, म्हणजे येता-जाता बघत होतो. सुकी मासळी निवडत दारात बसलेल्या असायच्या. त्या स्टुलावर बसल्या आणि पडद्याला हात जोडले. मला काही कळेना.

“काय चाललंय ते सांगणार का मला?” मी म्हणालो.

“त्यो माझा नवरा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “धाकू. सहा वर्सं झाली पळून गेला त्याला.”

मग त्यांनी सांगितलं. धाकू पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात पहिल्या भागाच्या शूटिंगला होडी घेऊन जायचा. पिक्चरचं वेड लागलं त्याला. घरात पडद्यावरच्यासारखा बोलायचा, मंजुळाबाई चिडायच्या. मे महिन्यात शूटिंग संपलं. त्या वर्षी नारळी पुनवेनंतर आठवडाही झाला नसेल, धाकू सकाळी होडी घेऊन निघाला तो परत आलाच नाही. होडी पलीकडे कळव्याच्या बाजूला नीट बांधलेली सापडली.

“बुडणारा माणूस आधी होडी बांधतो काय?” मंजुळाबाई म्हणाल्या. “आणि कोळ्याचा पोर आपले खाडीत बुडतो काय, पाणी शांत असताना? कोणाचे मनात पण आलं नाय. आम्ही दोघी वागळे इस्टेटला गेलेलो त्या फिल्मवाल्यांकडे. त्यांचा मॅनेजर बोलला, आमचं शूटिंग मेमध्येच संपलंय, त्यानंतर आमचा एक माणूस खाडीवर गेलेला नाय. तुझा नवरा आमच्या नाचणाऱ्या पोरींचे मागं फिरायचा, मुंबईत शोध जा.”

त्यावर सगळ्या कोळीवाड्याने विश्वास ठेवला. मंजुळाबाईंनीही ठेवला. बाजारात त्यांना बायका ‘हिरोची बायको’ म्हणायला लागल्या. आणि यंदा दुसऱ्या लायब्ररीतून आणलेला हा पिक्चर कोणाच्या तरी घरी लागला, त्यात धाकू, चंदेरी पोशाखात, मजेत हसतोय! भाग दोन नवा, म्हणजे धाकूही आताचा. जनाबाईंनी पडद्यापुढे उदबत्ती लावली, पोरगा जिवंत आहे म्हणून. वागळे इस्टेटची शेड कधीच रिकामी झाली होती, म्हणून मंजुळाबाईंना हवा होता कंपनीचा पत्ता. तिथे जाऊन त्याची गचांडी धरून त्याला घरी आणायचा होता. तोवर त्या रोज बाजारातून आल्या की कॅसेट लावायच्या, त्याच्या तोंडावर चित्र थांबवायच्या आणि पोटभर शिव्या घालायच्या.

“मग आता काय झालं?” मी विचारलं.

“तू लाव.”

मी लावलं. होडी आत आली. जनाबाई पुढे वाकल्या. बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही आपली होडी गो.”

“व्हय, आई.”

“रॉकेटचा रंग.”

मंजुळाबाई माझ्याकडे वळून सांगायला लागल्या. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, डागडुजी करतात, रंगवतात आणि नारळी पुनवेला पाण्यात लोटतात, हे मलाही माहीत होतं. त्यांची होडी पिढ्यान्‌पिढ्या हिरवी. मे महिन्यातल्या शूटिंगला गेली तेव्हाही हिरवीच. पण फिल्मवाले सामान आवरून गेले तेव्हा रॉकेटचा उरलेला नारिंगी रंग धाकूने मागून आणलेला. त्या पुनवेला त्याने होडीच्या काठाला तो फासला. सगळा कोळीवाडा हसला, धाकूचं रॉकेट म्हणून. पुढच्या पुनवेला जनाबाईंनी ती परत हिरवी करून घेतली, तेव्हापासून हिरवीच आहे.

मी हिशोब लावायला लागलो. हे चित्र आताचं नव्हतं. पण मे महिन्यातलंही नव्हतं. होडी नारिंगी होती, म्हणजे पुनव झाली होती. आणि पुनवेनंतर आठवड्याच्या आत धाकू गेला. मेनंतर आमचा एक माणूस खाडीवर गेला नाही, असं म्हणणाऱ्यांचा कॅमेरा त्या आठवड्यात धाकूसमोर उभा होता. पहिल्या भागात हा तुकडा वापरायची त्यांची छाती झाली नसेल. पाच वर्षांनी पैसे वाचवायला काढला असेल, कोण कोळी बघतोय म्हणून.

“पुढं काय हाय?” मंजुळाबाईंनी विचारलं. “मी तोंडावरच थांबवायची. पुढचं धड कधी पायलंच नाय.”

मी संशयी माणूस आहे, पण त्या क्षणी मला काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. तरी हात पुढे गेला. रेघा संपल्या. धाकूने शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, अंगठा वर करून कोणाला तरी दाखवला. होडीच्या काठावर चढला. पायात ते बूट होते. लोखंडी तळाचे. त्याने उडी मारली आणि तो सरळ खाली गेला. पाणी मिटलं. पडद्याच्या खालच्या कडेने, सगळ्या कॅसेटींवर असायची तशी, कुकरच्या जाहिरातीची पट्टी सरकत होती, ती पूर्ण गेली तरी पाणी तसंच होतं. मग रॉकेटचं चित्र आलं.

उडी मारायला तो घाबरला नसणार. आपल्या खाडीत कोळी बुडत नाही, हे त्यालाही तेवढंच पक्कं माहीत होतं.

“होडी त्यांनी बांधली,” मंजुळाबाई म्हणाल्या. “त्यो नाय. त्यांनी पलीकडे नेऊन बांधली.” मग त्यांना भरून आलं. “पळाला नव्हता हो. सहा वर्सं मी त्याला काय काय बोलले. पळाला नव्हता माझा माणूस.”

मी कपाटातून कंपनीचं बिल काढलं आणि पत्ता लिहून त्यांच्या हातात दिला. कॅसेटही तुमचीच, म्हणालो, पोलिसांना दाखवायला लागेल, मी येतो बरोबर. त्यांनी मान हलवली, पण नजर पडद्यावर होती.

जनाबाई अजून स्टुलावरच होत्या. त्या रडल्या नव्हत्या. “उत्तम,” त्या म्हणाल्या, “मागं घे रे बाबा. वर काढ त्याला.”

मी बटण दाबलं. कुकरची पट्टी उलटी सरकली. पाणी उकललं, आधी शिरस्त्राण, मग खांदे, मग ते बूट बाहेर आले आणि धाकू उलटा उडून होडीच्या काठावर उभा राहिला. अंगठा खाली आला. त्याने शिरस्त्राण काढलं.

“थांबव.”

मी थांबवलं. पडद्यावर खांद्यांपर्यंत माणूस आणि वर पांढऱ्या रेघा. जनाबाई उठून अगदी काचेजवळ गेल्या. पदराने त्यांनी काच पुसली, पुन्हा पुसली.

“तोंड का गो दिसत नाय त्याचं?”

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी मीच ओरडून सांगितलं होतं की ही जागा कोणी घासली आणि कशाने. त्या तोंड उघडणार होत्या, सगळं सांगून टाकणार होत्या, ते मला दिसलं.

“कॅसेटच खराब आलीय, मावशी,” मी म्हणालो. “कंपनीकडूनच. टेपच हलकी, आपोआप अशी पुसत जाते.”