काठाची जाडी

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण मालक तिचा धाकटा दीर. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा साच्यावर घट्ट धरायचा, भट्टीत चांगला तापवायचा आणि वरून गॅसचा दाब द्यायचा. पत्रा ताणत ताणत साच्यात उतरतो आणि चाकांच्या खुर्चीची बैठक तयार होते, एका हाताने उचलावी इतकी हलकी. हे काम वहिनीचं. पथ्य एकच, घाई करायची नाही. घाई केली की कोपऱ्यात, जिथे पत्रा सगळ्यात शेवटी टेकतो, तिथे तो नको इतका पातळ होतो.

हे पथ्य तिला भाऊजींनीच शिकवलं होतं. म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती माहेरी गेली होती तेवढ्यात भाऊजींनी दाब वाढवून अख्खी ऑर्डर उरकून टाकली होती. रंग दिलेल्या चकाचक बैठका दाराशी रचलेल्या, बाहेर टेम्पो उभा.

"जाडी मोजली?" तिने विचारलं.

"मोजली की. एकूण एक पास."

"कुठे मोजली?"

"काठाला," भाऊजी दुसरीकडे बघत म्हणाले.

काठाला! काठ तर साच्यात आवळून धरलेला, तो ताणला जातच नाही. ताप माणसाला आणि थर्मामीटर भिंतीला, अशातली गत! वहिनीने वरची बैठक उलटी केली आणि कोपऱ्यात अंगठा दाबला. चटकन खळगा पडला.

"अहो, यात माणसं बसणार आहेत!"

"वहिनी, उगाच राईचा पर्वत करू नका. तारीख गाठायची होती. आजवर पडलंय का कुणी?"

"आजवर तुम्ही घाई केली नव्हती."

 भाऊजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "बरं, ऐका. आईलाही एक हवीय. तेवढी तुम्ही काढा. सावकाश, नेहमीसारखी."

वहिनी बघतच राहिली. म्हणजे या माणसाला सगळं कळत होतं! न कळून झालं असतं तर तिने एक वेळ पोटात घातलं असतं. पण स्वतःच्या आईला जपायचं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं?

"वेगळी कशाला? सगळ्या पास आहेत ना? यातलीच एक तुमच्या हाताने निवडा. आत्ता घरी नेऊन आईंना बसवते."

भाऊजी हसायला गेले, पण वहिनी जागची हलेना. टेम्पोवालाही बघत होता. शेवटी ते ढिगापाशी गेले. एक बैठक उचलली, कोपऱ्यात बोट फिरवलं, खाली ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. पुढचीला त्यांनी हात लावलाच नाही.

"टेम्पो रिकामा जाऊ दे," ते खाली मान घालून म्हणाले. "सगळ्या परत काढू."

वहिनीने भट्टी चालू केली. राग तिचा तसूभरही उतरला नव्हता.

"आईंचे पाय धड असते, तर टेम्पो आज गेलाच असता ना, भाऊजी?"